सोप्याचा खांब बुडात कुजलाय, घर पाडायचं नाही. हातहत्यारांनी लाकडी सांगाड्याचं काम शिकायचं तर कुठून सुरू करू?

जांबोटीकडचा

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, आजोबांनी बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, पुढं सोपा, मधे माजघर, वर माळा आणि मंगळुरी कौलं. सोप्यात ऐनाचे चार खांब आणि त्यांच्यावर तुळया, वासे. गेल्या पावसाळ्यात पागोळ्यांच्या अंगाचा कोपऱ्यातला खांब बुडाशी काळा पडलेला दिसला, स्क्रू ड्रायव्हर टोचला तर लोण्यात गेल्यासारखा तीन-चार इंच आत गेला. वरचं मात्र सगळं ठणठणीत आहे. खांबाचं डोकं तुळईत कुसूनं, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ तुळईच्या भोकात घालून, बसवलंय, एक खिळा नाही, आडवी लाकडी खुंटी मारलीय तेवढीच, आणि ती आजपण हलत नाही.

दोन मिस्त्री येऊन बघून गेले, दोघांचं एकच, सोपा पाडा, चार कॉलम उभे करा, स्लॅब टाका. आई म्हणाली मी जिवंत असेपर्यंत या खांबांना हात लावायचा नाही आणि खरं सांगायचं तर माझंही मन होत नाही. गावात आता असलं काम करणारं कोण उरलं नाही, आहेत ते प्लायवूड आणि लॅमिनेटची कपाटं करतात.

मी ३१ वर्षांचा, बेळगावात नोकरीला, शनिवार-रविवार गावी असतो. एक खांब बसवून घेण्यापुरतं नाही तर हे कामच शिकायचं डोक्यात आहे, खांब-तुळई-वासे-सांधे, सगळं हाताच्या हत्यारांनी. व्हिडिओ लई बघितले, पण तिकडं ओकचं नाहीतर देवदाराचं लाकूड असतंय, जपानी लोकांची करवत ओढताना कापते आणि आपली ढकलताना, त्यामुळं बघून करायला गेलो की गोंधळ होतोय. आजोबांची हत्यारं एका पेटीत सापडली, दोन पटाश्या, एक किकरं (भोक पाडायची जाड पटाशी), वाकस (लाकूड तासायचं), गिरमिट (फिरवून भोक पाडायचं), सगळं गंजलेलं. आधी काय शिकू, कुठलं लाकूड घेऊ, आणि हा खांब मी स्वतः करायचं धाडस करू का? जाणत्यांनी सांगा की.

सुताराचा नातू, नंदगड

भावा, पेटी सापडली म्हणतोस ना, मग अर्धं काम झालं बघ. नवीन काय बी विकत घेऊ नको आत्ता. जुन्या पटाशीचं पोलाद चांगलं असतंय, वरचा गंज घासून काढ आणि पाठ सपाट कर. पाठ म्हणजे तिरक्या धारेच्या उलटी बाजू, ती काचेवर ठेवली तर कुठं डुगडुगायला नको. सगळे धार लावत बसतात आणि पाठ विसरतात, मग पटाशी सरळ जात नाही आणि लाकडाला नावं ठेवतात. धार साधारण २५ ते ३० अंशात ठेव, ऐनासारख्या कडक लाकडाला ३० च बरी, नाहीतर टोक उडतंय. किकरं जाड असतंय कारण भोक पाडताना त्याच्यावर मोगरी बसते, त्याला पटाशीसारखं पातळ करायला जाऊ नको. माझा आजा मला सहा महिने सहाणेवरच बसवून ठेवायचा असं बाबा सांगतात, मला तेवढं नाही बसवलं पण एक पावसाळा नक्की गेला.

आता मेन गोष्ट सांगतो. सगळ्यांना वाटतंय सुतारकाम म्हणजे कापणं. कापणं नंतर, आधी आखणी. तुझ्या घरातला एक तरी खांब सरळ आहे काय बघ, नसणारच, झाड जसं वाढलं तसं तासलंय. मग एवढ्या वाकड्या लाकडाचं घर ओळंब्यात उभं कसं राहिलं? दोरीनं. काव, म्हणजे तांबडी माती, लावलेली दोरी लाकडाच्या दोन टोकांना धरून मधे उचलून सोडायची, तांबडी रेघ उठते. ती रेघ खांबाचा कणा. त्यानंतरची सगळी मापं त्या रेघेपासून घ्यायची, लाकडाच्या कडेपासून कधीच घ्यायची नाहीत. कड वाकडी असूदे, फुगलेली असूदे, रेघ सरळ आहे ना, मग कुसू रेघेवर, भोक रेघेवर, आणि उभं केलं की घर सरळ. हे एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं हळूहळू येतंय.

पयलं काम खांबाचं करू नको. परड्यात चार खांबाचा मांडव कर, सहा बाय आठ फुटाचा, लाकडं आणि कडबा ठेवायला. निलगिरीचा कर, स्वस्त आहे, बिघडलं तर जीवाला लागत नाही. आठ सांधे होतील, त्यातले पयले तीन फेकून द्यावे लागतील, चौथ्यापासून हात बसतो.

टिळकवाडी ७७

एवढा त्रास कशाला. लोखंडी आय-सेक्शन उभा करायचा, खाली प्लेट, वर प्लेट, एका दिवसात काम. वरून लाकडाचं क्लॅडिंग करा, कुणाला कळत पण नाही.

जांबोटीकडचा

सर राग मानू नका, पण मला कळेल की. आणि शिकायचं आहे हाच तर प्रश्न आहे.

नातू भाऊ, दोरीचं वाचून मी लगेच गावी भावाला फोन करून खांब बघायला लावला. तुळईच्या पोटाला अजून तांबडी रेघ पुसट दिसते म्हणाला. इतकी वर्षं आम्ही त्या सोप्यात जेवलो, कुणी वर बघितलं नव्हतं.

ओळंबा, अनगोळ

मी सिव्हिल इंजिनिअर, जुन्या घरांची दुरुस्ती थोडीफार केली आहे, म्हणून दोन गोष्टी विचारतो. खांबाच्या खाली दगड आहे का? आणि सोप्याची जमीन मूळची आहे की नंतर फरशी घातली?

विचारायचं कारण असं की लाकूड नुसत्या पावसानं कुजत नाही. भिजलं आणि वाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल सतत लागते, ती मिळाली की मग ऐन असो की साग असो. आपल्याकडचे जुने लोक खांब दगडी तळखड्यावर उभा करायचे, दगड जमिनीच्या चार बोटं वर, म्हणजे पाणी आलं तरी दगड भिजेल, खांबाचं बूड वाऱ्यावर राहील. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जो पाऊस पडतो त्यात ही घरं टिकली ती या चार बोटांमुळं आणि लांब काढलेल्या वळचणीमुळं.

कुसूबद्दल थोडं. साधा हिशोब, लाकडाच्या जाडीचा एक तृतीयांश कुसू, म्हणजे सहा इंची खांबाला दोन इंच, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच भोकाच्या भिंती राहतात. भोक पाडताना आधी गिरमिटानं ओळीनं भोकं मारून घ्या, मग पटाशीनं मधलं साफ करा, आणि दोन्ही टोकांच्या रेघेपर्यंत अगदी शेवटी या. खुंटीचं एक गुपित युरोपातल्या सुतारांचं आहे, तुमच्या तुळईतपण बहुतेक तेच सापडेल. कुसूतलं भोक खांद्याच्या बाजूला, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिकडं, अर्धा ते एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकवून पाडतात, मुद्दाम. दोन्ही भोकं एका रेषेत नसल्यामुळं खुंटी ठोकली की ती सांध्याला आत ओढते आणि घट्ट बसवते. ना गोंद, ना खिळा. खुंटी मात्र करवतीनं कापलेली नको, उभी फोडलेली हवी, लाकडाच्या धाग्याची उभी रेषा तुटली की ती ठोकतानाच मोडते.

नातू जे आखणीचं म्हणाले ते शंभर टक्के. फ्रान्समध्ये लाकडी सांगाड्याची ही जी आखायची विद्या आहे, वाकडी लाकडं जमिनीवर काढलेल्या नकाशावर मांडून ओळंब्यानं एकावर एक खुणा उतरवायच्या, तिला युनेस्कोनं २००९ साली वारसा म्हणून यादीत घेतलं. कापायच्या कौशल्याला नाही, आखायच्या. त्याच देशात गेदलों म्हणून जागा आहे, तिथं १९९७ पासून जुन्या पद्धतीनं अख्खा किल्ला बांधत आहेत, ओकची झाडं कुऱ्हाडीनं तासून. त्यांचे व्हिडिओ बघा, पण लाकूड बघू नका, माणूस माप कुठून घेतोय ते बघा.

जांबोटीकडचा

ओळंबा काका, तुम्ही विचारलंत म्हणून रविवारी कुदळ घेऊन बसलो. पूर्वी शेणानं सारवलेली जमीन होती, मी शाळेत असताना बाबांनी शहाबादी फरशी घातली, आईला सारवण करायला लागू नये म्हणून. फरशी घालताना जमीन वर आली आणि खांबाच्या भोवती सिमेंट भरून गोल गुळगुळीत करून टाकलं. एक फरशी उचलली तर खाली तळखडा निघाला, काळा दगड, अजून तसाच घडवलेला. म्हणजे दगडाच्या वर दोन इंच सिमेंट चढलंय आणि खांबाचं बूड त्या सिमेंटच्या वाटीत बसलंय. पागोळ्याचं पाणी वाटीत जातंय आणि तिथंच मुरतंय. बाकीच्या तीन खांबांना पण तसंच केलंय, पण ते आत आहेत म्हणून वाचले.

बाबा आता नाहीत. त्यांनी आईच्या कंबरेसाठी केलं होतं, वाईट वाटून घ्यायचं काही नाही, पण ते सिमेंट फोडताना हात थांबला एवढं खरं.

परशा, बिडी

वरचं सगळं बरोबर आहे पण लाकडाचं कुणी सांगेना म्हणून माझं सांगतो, माझ्यासारखं करू नका. तीन वर्षांमागं मी शेतात गोठा केला, सगळे सांधे हातानं, दोन महिने राबलो. लाकूड एका वखारीतून आणलं, वाळलेलं आहे म्हणाले, मी वरून हात लावला, कोरडं लागलं, घेतलं. मेमध्ये उभं केलं तेव्हा सांधे असले टाईट की मोगरीनं ठोकून बसवावे लागले, लोक बघायला यायचे. पुढच्या मेला बघतो तर कुसूच्या दोन्ही बाजूला बोट जाईल एवढी फट, आणि दोन खांब उभे तडकलेले. लाकूड आतून ओलं होतं. लांबीत आकसत नाही, जाडीत आकसतं, आणि त्यात पण झाडाच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त, गाभ्याकडून सालीकडं त्याच्या निम्मं, म्हणून चौकोनी खांब वाळल्यावर चौकोनी राहत नाही. हे मला नंतर कळलं. खुंट्या मी मशीनवर गोल केलेल्या दांड्याच्या मारल्या होत्या, त्यातल्या चार मोडल्या.

आता मी लाकूड घेताना टोकाकडून वीतभर कापायला लावतो आणि ताज्या कापावर हात ठेवतो, गार लागलं की ओलं. हवेत वाळवायचं तर जाडीच्या एका इंचाला एक वर्ष असा साधारण हिशोब धरतात, म्हणजे सहा इंची खांब तुम्ही किती थांबणार सांगा. म्हणून एकतर ओलंच आहे हे धरून काम करायचं, तिकडचे लोक ओकचं तसंच करतात, खुंटी ओढून धरते आणि लाकूड सांध्यात बसल्या बसल्या वाळतं, नाहीतर जुनं लाकूड शोधायचं. मी ओल्यालाच वाळलेलं समजलो, तिथं माझं चुकलं.

निपाणीची ताई

जुन्या लाकडाचं मी सांगते. आमच्याकडं निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात जुने वाडे दर महिन्याला कुठं ना कुठं उतरतात, आणि लाकूड विकणारे ठरलेले लोक आहेत. साग, ऐन, किंजळ, जांभा, ४०-५० वर्षं छपराखाली वाळलेलं. माझ्या भावाचं फर्निचरचं काम आहे, तो असंच लाकूड घेतो. घेताना एवढं बघा. जुनी भोकं कुठं आहेत ते बघा, तुमच्या नवीन सांध्याच्या जागी जुनं भोक यायला नको. कडेचा पांढरा भाग वाळवीनं आणि भुंग्यानं खाल्लेला असतो, तो धरायचाच नाही, गाभा किती उरतो ते मोजा. आणि आत तुटलेले खिळे राहतात, लोहचुंबक फिरवून घ्या, नाहीतर पटाशीची धार एका ठोक्यात जाते.

शिवाय वाडा उतरत असेल तिथं एक दिवस नुसतं जाऊन उभे राहा. कुसू भोकातून बाहेर निघताना बघितला की दहा व्हिडिओत कळत नाही ते कळतं. मी लहान असताना आमचाच वाडा उतरला तेव्हा तुळईच्या टोकाला किकऱ्यानं मारलेल्या रेघा होत्या, एक, दोन, तीन, आणि त्याच रेघा खांबाच्या डोक्यावर. कुठला खांब कुठल्या तुळईला हे विसरू नये म्हणून.

नवीन लाकूड घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते, कर्नाटकात १९७६ चा झाडं जपण्याचा कायदा आहे. निलगिरी, सिल्व्हर ओक, नारळ अशी काही झाडं त्यातून सोडलेली आहेत. आणि चंदगडकडून आणायचं म्हटलं तर दोन राज्यांचा मामला, वाहतुकीचा पास नसेल तर गाडी नाक्यावर अडकते.

ओळंबा, अनगोळ

ताई, वाडा उतरताना बघायचं अगदी खरं.

जांबोटीकर, तुमच्या खांबाचं निदान झालं. आता नवीन खांब विसरा, गरजच नाही. कुजलेलं असेल वीत-दीड वीत, तेवढं कापून काढा आणि खाली उंच दगड द्या. जास्त वर गेलं असेल तर तेवढाच लाकडाचा नवीन पाय अर्ध्या-अर्ध्या जोडानं (दोन्ही लाकडं निम्मी-निम्मी कापून एकमेकांत बसवून) लावा, जोडाची लांबी जाडीच्या तिप्पट तरी ठेवा, सहा इंचाला दीड फूट. पण कापण्याआधी टेकू. तुळईच्या खाली खांबाच्या दोन्ही बाजूंना सेंट्रिंगचे जॅक, खाली जाड फळी, आणि वर उचलायचं ते एखादं सूतभर, खांबावरचा भार सुटेपर्यंत. जास्त उचललं तर कौलं सरकतील. एकट्यानं करू नका, आणि त्या दिवशी सोप्यात कुणाला बसू देऊ नका.

बेंगळूरला मल्लेश्वरममध्ये केंद्र सरकारची लाकूड विज्ञान संस्था आहे, तिथं लाकूड ओळखणं, वाळवणं याचे छोटे कोर्स असतात, जमलं तर एक करा. आणि तुमच्या आसपास कुणी म्हातारा सुतार अजून हत्यार धरत असेल तर त्याचं नाव पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत नोंदवायला मदत करा, ती २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत सुतार आहेत, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मिळतात. त्याचा फॉर्म भरून द्या आणि त्याच्या हाताखाली बसा.

जांबोटीकडचा

तीन महिन्यांनी लिहितोय, माफ करा.

मांडव झाला. निलगिरीचाच केला. पहिले तीन नाही, पहिले पाच सांधे गेले. करवत रेघेच्या कुठल्या बाजूनं न्यायची हेच कळत नव्हतं, रेघच कापून टाकायचो आणि कुसू सैल व्हायचा. मग शेजारच्या वाडीतले एक मामा भेटले, सत्तरी ओलांडलेले, पूर्वी बैलगाड्या आणि घरं करायचे. त्यांनी एकच सांगितलं, रेघ कापल्यावर पण दिसली पाहिजे. सहाव्यापासून जमलं. त्यांचा विश्वकर्माचा फॉर्म मी भरला.

मग खांब. मामा, मी, भाऊ आणि दोन मित्र. जॅक लावले, भार सुटला तेव्हा वरून एक बारीक कर्रर आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला, मामा म्हणाले लाकूड बोलतंय, बोलू दे. कुजका भाग अकरा इंच निघाला. मी नवीन पाय जोडायचा म्हणत होतो, मामांनी ऐकलं नाही, दगडच घाला म्हणाले. गावातल्याच पडक्या घराचा एक उंच दगड मालकाला विचारून आणला.

दगडाचा माथा काय सपाट नव्हता, आणि खांब त्यावर पूर्ण बसायला पाहिजे होता. मामांनी दगडावर ओली काव फासली, खांब हळूच टेकवला, परत उचलला. बुडाला जिथं जिथं तांबडं लागलं तेवढंच पटाशीनं काढायचं. परत काव, परत टेकवायचं. पहिल्यांदा तीनच ठिपके होते. नंतर सात-आठ. दुपारी जेवून आलो, परत. चौदाव्या वेळेला उचललं तर अख्खं बूड तांबडं. मामांनी बोट फिरवलं आणि काही न बोलता तंबाखू काढली.

जॅक सोडले, तुळई जिथं होती तिथंच आली. चारी खांबांभोवतीचं सिमेंट काढून टाकलं, तळखडे मोकळे केलेत. बुडाला काय लावू तेवढं सांगा, कुणी ऑइलपेंट म्हणतंय.

सुताराचा नातू, नंदगड

ऑइलपेंट नको भावा, ओल आत कोंडते. डिंबेल लाव, काजूच्या टरफलाचं तेल, तुमच्या बाजूला मिळेल. वाळवी लागत नाही. हातात ग्लोव्हज घालून लाव, अंगावर पडलं तर फोड येतात. बुडाला आणि वरच्या कुसूच्या आसपास दोन हात, पावसाआधी.

आणि मामा आहेत तोवर वासा तासायला शिकून घे. वाकस हातात देऊन बसव त्यांना. आमच्यात आता ते कुणाला येत नाही, मला पण नाही. कधी बसणार असशील तर सांग, मी येतो.